इंजिनचं काम करायचं की इंजिनच बदलायचं?

जुन्या ट्रकचं इंजिन दमलं की मालकाला दोन्हीकडून सल्ले मिळतात. एक म्हणतो, एवढे किलोमीटर झाल्यावर त्यात पैसे घालू नका, दुसरं बसवा. दुसरा म्हणतो, पिस्टन-रिंगा टाका, गाडी नव्यासारखी पळेल. दोन्ही सल्ले इंजिन न उघडताच दिलेले असतात. खरा निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: ब्लॉक आणि क्रँकची प्रत्यक्ष मापं, बिघाडाचं मूळ कारण आणि गाडीचं उरलेलं आयुष्य. ज्या मालकाचं घर त्या एका ट्रकवर चालतं, त्याने हा खर्च अंदाजावर करू नये.

गैरसमज : धूर आला, म्हणजे इंजिन गेलं.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोनंतरचा फाटलेला होज, खराब नोझल किंवा जास्त डिझेल सोडणारा पंप ही त्याची नेहमीची कारणं. त्यांसाठी इंजिन उतरवावं लागत नाही. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असू शकतो, किंवा हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते झिजलेल्या रिंगांतून येतं तसं व्हॉल्व्ह गाइडमधून किंवा टर्बोच्या सीलमधूनही येतं. ब्रीदरमधून जोरात वाफ येते तेव्हाही रिंगांवर लगेच ठपका ठेवू नये, कारण एअर ब्रेकचा झिजलेला कॉम्प्रेसरही क्रँककेसमध्ये हवा ढकलतो. म्हणून आधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. एकाच सिलिंडरचं कमी असेल तर दोष बहुधा स्थानिक असतो. सगळ्यांचं सारखंच खाली आलं असेल तर झीज सर्वत्र आहे, आणि तेव्हाच मोठ्या कामाचा विषय काढावा.

गैरसमज : काम केलेलं इंजिन टिकत नाही.

ट्रकचं डिझेल इंजिन पुन्हा उघडलं जाईल, हे धरूनच बनवलेलं असतं. टाटाच्या 697 इंजिनाच्या नावातच सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर आहे. त्याचे झिजलेले लायनर काढून नवे बसवता येतात. टाटाच्या अनेक ट्रकांमध्ये आलेल्या 5.9 लिटरच्या कमिन्स इंजिनात वेगळे लायनर नाहीत, तरी ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात. क्रँक ठरावीक टप्प्यांनी ग्राइंड करून त्या मापाच्या बेअरिंगा बसतात. मर्यादाही स्पष्ट आहेत. ब्लॉकला तडा असेल, मेन बेअरिंगची बैठक जळाली असेल किंवा क्रँक शेवटच्या मापाच्याही खाली गेला असेल, तर जुन्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. मग कामं लवकर फसल्याचे अनुभव खोटे आहेत का? नाहीत. पण तिरप्या झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या, ऑइलच्या वाटा साफ केल्या नाहीत, रेडिएटर तसाच ठेवला, तर काम फसणारच. फिल्टर आणि होजच्या फटीतून धूळ शिरत राहिली, तर कंपनीतून आणलेलं कोरं इंजिनही तितक्याच लवकर झिजेल. नवं इंजिन जुनं कारण दूर करत नाही.

गैरसमज : जुन्या बाजारातलं हाफ इंजिन सर्वांत स्वस्त.

बाजारातल्या हाफ इंजिनाचा, म्हणजे हेड नसलेल्या वापरलेल्या इंजिनाचा, इतिहास कुणी सांगत नाही. ते आतून न मोजता घेतलं तर आपल्या रोगाच्या बदल्यात दुसऱ्याचा रोग विकत घेतला जातो. शिवाय इंजिन नंबर आरसी बुकवर असतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते आणि बदल झाल्यावर 14 दिवसांत तो कळवावा लागतो. नंबर जुळला नाही तर पासिंगला गाडी अडू शकते. जुन्या गाडीत बीएस-6 इंजिन बसवण्याचा विचारही सोपा नाही, कारण त्याच्यासोबत ईसीयू, सेन्सर, वायरिंग आणि धूर शुद्ध करणारी सगळी यंत्रणा येते.

जुन्याच इंजिनाचं काम करण्यावर एक आक्षेप रास्त आहे: कामाला दिवस लागतात, गाडी उभी राहिली की भाडं बुडतं आणि हप्ता थांबत नाही. अशा वेळी कंपनीकडून रिकंडिशन केलेलं, वॉरंटीचं इंजिन जुन्याच्या बदल्यात घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. टाटा मोटर्सची प्रोलाइफ योजना याच प्रकारची आहे. मात्र तुलना करताना एका बाजूला बुडणारं भाडं आणि दुसऱ्या बाजूला किमतीतला फरक, असा पूर्ण हिशेब मांडावा. गाडीचं वयही त्यात धरावं. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं. दिल्ली परिसरात तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. चेसिस गंजली असेल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलही काम मागत असतील, तर दोन्ही पर्याय सोडून गाडीच बदलणं योग्य. बाकी सर्व बाबतींत मेकॅनिककडून आधी लेखी मापं मागावीत: प्रत्येक बोअरचं वरचं आणि खालचं माप, क्रँकच्या जर्नलची मापं, ब्लॉक आणि हेडच्या तडा-तपासणीचा निकाल. ती हातात येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नये.