चंचल मूल आणि काळजीने पोखरलेली आई

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात दिवसभर धान्य निवडून आई संध्याकाळी घरी येते. मुलाची वही उघडी, पेन्सिल हरवलेली, गणित अर्धवट. "ऊठ, दप्तर आवर, हातपाय धू, मग पाढे लिही," असे ती एका दमात सांगते. मूल उठते आणि मोरीच्या दारात थांबते. काय सांगितले तेच ते विसरलेले असते. मग धपाटा, रडारड. शेजारीण म्हणते, "लाडावून ठेवलंय." रात्री आईला झोप लागत नाही. याचे पुढे कसे होणार?

भगिनींनो, प्रत्येक चंचल मुलाला विकार नसतो. पण लक्ष न टिकणे, अतिचंचलता किंवा उतावीळपणा बारा वर्षांच्या आतच दिसू लागला, सहा महिन्यांहून अधिक टिकला आणि घरी व शाळेतही त्यामुळे अडू लागले, तर तपासणी करून घ्यावी. डॉक्टर या विकाराला एडीएचडी म्हणतात. जगभर शंभरात सुमारे ५ मुलांत तो आढळतो. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन केले होते. म्हणजे हे टीव्ही-मोबाईलमुळे उपटलेले नवे खूळ नव्हे.

अशी मुले 'मंद' नसतात. सांगितलेले मनात धरून ठेवणे, मनाला आवर घालणे, कामाचा क्रम लावणे, ही विचारकौशल्ये त्यांच्यात उशिरा पक्की होतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलांच्या मेंदूचा बाह्य थर परिपक्व होण्यास सरासरी सुमारे ३ वर्षे उशीर लागतो, असे दिसले.

याला आईचे वळण कारण नाही. अनुवंशाचा वाटा मोठा असतो. मात्र आईबापांच्या काळजीचा परिणाम मुलावर होतो. घाबरलेली आई एकतर भराभर हुकूम सोडते, नाहीतर दप्तरही स्वतःच भरते. हुकमांच्या माऱ्यात मूल गोंधळते आणि आयते मिळाले की त्याला सराव होत नाही. मूल मागे पडले की काळजी आणखी वाढते. हे चक्र तोडायचे असेल तर मुलाइतकीच आईलाही मदत हवी.

घरी एवढे करा. एका वेळी एकच काम सांगा आणि ते मुलाकडून वदवून घ्या. सकाळच्या कामांची चित्रे काढून भिंतीवर लावा. अभ्यास दहा-पंधरा मिनिटांचा, मग थोडी धावपळ. जमलेल्या कामाची लगेच शाबासकी द्या. मारू नका. वडिलांनीही रोज अर्धा तास मुलाला द्यावा. तेवढीच आईला उसंत.

महापालिकेच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा व मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू किंवा बंद करावे. वाशीचे महापालिकेचे ईटीसी केंद्र विशेष मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचे काम करते. तेथे चौकशी करावी. स्वतःचीच झोप उडाली असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

शाळेसाठी आपल्या आजी-आजोबांनी काय सोसले, ते घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या नातवंडाने केवळ 'वांड' या शिक्क्यामुळे शाळा सोडू नये. उद्या शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटा. त्याला पहिल्या बाकावर बसवा, एवढी विनंती तरी करा.