गळलेल्या सुपारीपासून सुती कपड्यांस रंग

हिरवी सुपारी सोलताना पांढऱ्या कापडावर पडलेला डाग सहजासहजी जात नाही, हे श्रीवर्धनमधील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. सुपारीतील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे हा डाग पडतो. हेच द्रव्य योग्य रीतीने वापरल्यास विटलेल्या सुती कपड्यांस घरच्या घरी चांगला रंग देता येतो.

पावसाळ्यात फायटोप्थोरा या बुरशीमुळे पोफळीवर कोळे रोग पडतो व हिरवी फळे गळतात. ती झाडाखाली कुजू दिल्यास रोग वाढतो. म्हणून गळ वेचून वाडीबाहेर काढणे अगत्याचे असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात येथील कित्येक वाड्या भुईसपाट झाल्या. नवीन लावलेली पोफळ फळावर येण्यास पाच ते आठ वर्षे लागतात. अशा स्थितीत गळीचाही उपयोग करून घेणे शहाणपणाचे होय. कोवळ्या फळात टॅनिन पक्व फळाहून अधिक असते, ही गोष्ट येथे सोयीची ठरते. मात्र रंगासाठी निरोगी फळे तोडू नयेत. पिकल्यावर त्यांचे मोल अधिक येते.

लोकर व रेशीम तुरटी सहज धरतात. कापसाचा धागा धरीत नाही. परंतु धाग्यात आधी टॅनिन मुरविले, तर त्यावर तुरटी बसते आणि तुरटीवर रंग पक्का होतो. म्हणून पुढील क्रम बदलू नये. प्रमाण अर्धा किलो कोरड्या कापडासाठी दिले आहे.

१. धुणे : कापड रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढावी. नंतर १५ ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळून स्वच्छ धुवावे. तेलकट राहिलेल्या कापडावर रंगाचे चट्टे पडतात.

२. काढा : न कुजलेली १ किलो हिरवी फळे धुऊन, ठेचून १० लिटर गोड्या पाण्यात तासभर उकळावीत व काढा गाळून घ्यावा. भांडे स्टीलचे असावे, लोखंडी नको. ओल्या सुपारीने अडकित्ता काळा पडतो, तसाच रंगही काळवंडतो.

३. पहिली भिजवण : कोमट काढ्यात कापड रात्रभर ठेवावे. न धुता पिळून सावलीत वाळवावे.

४. तुरटी : ७५ ग्रॅम तुरटी १० लिटर गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड दोन तास बुडवावे व एकदा हलकेच खळबळावे.

५. रंग : त्याच काढ्यात कापड पुन्हा घालून मंद आचेवर तासभर, सतत हलवीत ठेवावे. काढ्यातच थंड होऊ देऊन मग धुवावे. तपकिरी छटा येते.

विड्यात चुना लागताच लाली चढते. तद्वत, रंगविलेले कापड चुन्याच्या निवळीत पाच मिनिटे बुडवून धुतल्यास छटा तांबूस होते. करडा रंग हवा असल्यास निवळीऐवजी १० ग्रॅम हिराकस १० लिटर पाण्यात विरघळवून त्यात कापड दहा मिनिटे ठेवावे व अनेकदा धुवावे. हिराकस अधिक झाल्यास धागा कमकुवत होऊन कापड लवकर फाटते.

भर पावसात कापड नीट वाळत नाही. यास्तव फळे दुभागून चुलीच्या उबेला वाळवून ठेवावीत आणि रंगकाम दिवाळीनंतर करावे. वाळलेली फळे अर्ध्या वजनाने पुरतात. पॉलिएस्टरमिश्रित कापडावर हा रंग नीट चढत नाही. प्रथम जुन्या चिंधीवर प्रयोग करावा. रंगीत कपडे सौम्य साबणाने वेगळे धुवावेत.

रंगकामाची भांडी स्वयंपाकास वापरू नयेत. फवारणीचे मोरचूद रंगकामात मुळीच घेऊ नये. ते विषारी आहे. उरलेले पाणी विहिरीपासून दूर ओतावे. उकळलेल्या चोथ्यातील बुरशी मेलेली असल्याने तो खतखड्ड्यात टाकण्यास हरकत नाही.

कोळे रोगावर खरा उपाय पावसापूर्वी १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी हाच होय. तथापि फवारणी करूनही काही फळे गळतातच. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांपुढे हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. घरात उपयोग होतो असे दिसले, की गळ आपोआप वेचली जाईल, आणि वाडी स्वच्छ राहील.