स्कीइंगचा पहिला दिवस: जळगावचा माणूस बर्फावर का पडतो?

जळगावात बसून मी आज बर्फावर बोलणार आहे, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. पण गुलमर्गचे फोटो टाकल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, स्कीइंग जमतं का आपल्याला?" खरं उत्तर असं की पहिल्या दिवशी नाही जमत. का नाही जमत, तेच आज सांगतो.

फेब्रुवारीत आम्ही दोघं निघालो, मी आणि धुळ्याचा माझा मावसभाऊ. भुसावळहून झेलमने जम्मू, मग गाडीने पुढे. तंगमर्गपासून गुलमर्ग 13 किलोमीटर, आणि बर्फ असला की तो चढ चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीतूनच करायचा. गुलमर्ग साधारण 2,650 मीटर उंचीवर आहे. तिथून गोंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत जवळजवळ 4 हजार मीटरपर्यंत नेतो. व्हिडिओत दिसतात ते पट्टीचे लोक तिथून खाली येतात. आम्ही कुठे होतो? अगदी खाली, ज्या उतारावर लहान पोरं खेळत होती तिथे.

पहिले दोन तास बुटात गेले. थंडी वाजेल म्हणून मी मोज्यांचे दोन जोड घातले आणि ते मावावेत म्हणून दुकानदाराकडे हट्टाने एक नंबर मोठा बूट मागितला. चूक सगळी माझी. स्कीचा बूट हा कडक प्लास्टिकचा साचा असतो, घोटा हलूच देत नाही. तुम्ही नडगी पुढे दाबली की तो दाब थेट स्कीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. बूट सैल असला की पाय आतल्या आत हलतो आणि स्कीला काही कळतच नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला प्ले असतो ना, फिरवलं तरी चाक जरा वेळाने वळतं, तसंच. शेवटी एक मोजा काढला, बूट बदलला. नडगी दुखली, पण स्की ऐकायला लागली.

आता पडण्याचं कारण. उतार दिसला की शरीर आपोआप मागे झुकतं, कारण आपल्याला भीती वाटते. पण मागे झुकलं की वजन स्कीच्या शेपटीवर जातं, टोकं हलकी होतात आणि वळवायला, थांबवायला काही उरतच नाही. स्की सुसाट सुटते. म्हणजे वाचायला म्हणून जे करतो, त्यानेच पडतो. शिकवणारे भाईजान दिवसभर एकच ओरडत होते, "आगे झुको, आगे!" डोक्याला कळत होतं, कंबरेला नाही. मी 17 पर्यंत पडणं मोजलं, मग सोडून दिलं. प्रत्येक वेळी वरून मावसभावाचा आवाज, "परत पडना का भो?"

आणि पडल्यावर उठणं हे वेगळंच प्रकरण आहे. दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला घ्यायच्या, मगच उठायचं. सरळ ठेवून उठलात की बसल्या जागेवरून पुन्हा प्रवास सुरू! जोरात पडलं तर बूट स्कीतून सुटतो, घाबरू नका, तो सुटायलाच हवा. वजन, उंची, वय, अनुभव बघून ती पकड किती घट्ट ठेवायची ते ठरवतात. नाही सुटला तर गुडघा पिळवटतो. म्हणून दुकानात वजन खरं सांगा, तिथे लाजू नका.

थांबायचं कसं? टोकं जवळ, शेपट्या लांब, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार. त्यात स्कीच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. वळायचं असेल तर आणखी मजा: डावीकडे जायचं तर वजन उजव्या पायावर. माझा मेंदू इथे पार हँग झाला होता.

साडेतीनच्या सुमाराला, कंटाळून, काहीच विचार न करता नडगी बुटावर टाकली आणि सुटलो. उजवा पाय दाबला, डावीकडे वळलो. डावा दाबला, उजवीकडे. मग पिझ्झा, आणि थांबलो. उभा! असेल तीसेक मीटर. भाईजाननी नुसती मान डोलावली. मी मात्र असा ओरडलो की शेजारचं पोरगं दचकून पडलं.

नंतर कहवा पिताना भाईजान जरा मोकळे झाले. जानेवारी 2024 मध्ये इथे जवळपास महिनाभर उतार उघडे होते, नुसतं वाळकं गवत. फेब्रुवारीच्या सुरुवातीचे खेलो इंडिया हिवाळी खेळ पुढे ढकलून 21 ते 25 फेब्रुवारीला घ्यावे लागले. त्यांची वर्षाची कमाई या दोन-अडीच महिन्यांतच होते. "बर्फ नहीं तो हम भी नहीं," एवढंच म्हणाले. मी त्यांना आमच्या केळीचं सांगितलं, की जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की बागेची वाढच थांबते आणि बाबा रात्री उठून उठून पारा बघतात. ते हसले. ज्या थंडीची ते वाट बघतात, तिलाच आमच्या घरात शिव्या पडतात.

रात्री आईचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न, "हातपाय जागेवर आहेत ना?" आहेत म्हटलं. जिना मात्र दोन दिवस उलटा उतरत होतो.

भाईजानचा नंबर घेऊन ठेवलाय. थंडी सुरू झाली की मी विचारणार बर्फ पडला का, आणि ते विचारणार केळी कशी आहे. चला, भेटू पुढच्या भागात.