भारतातील वैयक्तिक संरक्षण साधनांची शासकीय खरेदी

शासकीय रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, प्रयोगशाळा आणि घरोघर सर्वेक्षण करणारी पथके यांतील कर्मचाऱ्यांचे संसर्गापासून रक्षण करणाऱ्या वस्तू केंद्र व राज्य शासनांनी सार्वजनिक निधीतून विकत घेण्याच्या प्रक्रियेस वैयक्तिक संरक्षण साधनांची शासकीय खरेदी असे म्हणतात. या साधनांत अंगभर झगा म्हणजेच कव्हरऑल, एन-९५ व तिपदरी मुखपट्ट्या, हातमोजे, संरक्षक चष्मे, चेहऱ्यावरील पारदर्शक ढाल आणि पादत्राणांवरील आवरणे यांचा समावेश होतो. 'पीपीई किट' हा शब्द मराठीत २०२० मध्ये सर्वतोमुखी झाला. त्यापूर्वी ही खरेदी औषध भांडाराच्या नेहमीच्या मागणीपत्रातील एक किरकोळ बाब होती. कोविड-१९ महासाथीत तीच खरेदी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या जीविताशी थेट जोडली गेली आणि शासकीय खरेदीचे सर्व नेहमीचे नियम एकाच वेळी कसोटीला लागले.

नियमांची चौकट

केंद्र शासनाची खरेदी सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांनुसार होते. मोठ्या रकमेच्या खरेदीसाठी जाहीर निविदा काढणे, इच्छुकांना प्रस्ताव सादर करण्यास साधारणतः किमान तीन आठवडे देणे, तांत्रिक प्रस्तावाची छाननी करून त्यात पात्र ठरलेल्यांचेच आर्थिक देकार उघडणे आणि त्यांतील न्यूनतम दराच्या निविदाकारास काम देणे, असा सर्वसाधारण क्रम आहे. पुरवठादाराकडून सुरक्षा ठेव घेतली जाते. आगाऊ रक्कम देणे अपवादात्मक मानले जाते आणि खासगी कंपन्यांच्या बाबतीत ती सामान्यतः ३० टक्क्यांपर्यंतच देता येते. २०१६ पासून केंद्र शासनाने 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस' अर्थात 'जेम' हे ऑनलाइन खरेदी संकेतस्थळही सुरू केले आहे.

आणीबाणीसाठी याच नियमांत वाट ठेवलेली आहे. नियम १६६ अन्वये निकडीच्या प्रसंगी एकाच विशिष्ट पुरवठादाराकडून निविदेविना खरेदी करता येते. मात्र त्याची कारणे लेखी नोंदवून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. ही लेखी कारणे महत्त्वाची आहेत. निविदा नसते तेव्हा दर योग्य होता की नाही हे पुढे तपासण्याचा तेवढाच आधार लेखापरीक्षकाच्या हाती उरतो.

आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने नेहमीच्या काळात बहुतांश खरेदी राज्येच करतात. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने केंद्रीभूत खरेदी आणि जिल्हा गोदामांतून वितरण अशी पद्धत रुजवली व अनेक राज्यांनी ती स्वीकारली. महाराष्ट्रात २०१७ पासून सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या विभागांची औषधे व उपकरणे मुंबईतील हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळामार्फत खरेदी केली जात. पुढे महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण अधिनियम, २०२३ अन्वये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करण्यात आले.

२०२० मधील टंचाई

भारतातील पहिला कोविड-१९ रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. दुसऱ्याच दिवशी विदेश व्यापार महासंचालनालयाने सर्व प्रकारच्या संरक्षक वस्त्रांच्या व मुखपट्ट्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. फेब्रुवारीत ही बंदी काही वस्तूंपुरती शिथिल झाली. मुखपट्ट्या व कव्हरऑल यांना लागणाऱ्या कापडी कच्च्या मालाची निर्यात मात्र १९ मार्च रोजीच रोखण्यात आली. या मधल्या काळाबद्दल पुढे बरीच टीका झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ३ मार्च रोजी जगभरातील टंचाईचा इशारा देताना दरमहा सुमारे ८ कोटी ९० लाख वैद्यकीय मुखपट्ट्या लागतील आणि उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवावे लागेल असे म्हटले होते. म्हणजे जगातील प्रत्येक शासन त्याच वस्तूंसाठी त्याच बाजारात उतरणार हे तेव्हा स्पष्ट झालेले होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खरेदीची जबाबदारी एचएलएल लाइफकेअर या तिरुवनंतपुरमस्थित सार्वजनिक उपक्रमाकडे सोपवली. १९६६ मध्ये हिंदुस्थान लेटेक्स या नावाने स्थापन झालेली ही कंपनी मुळात गर्भनिरोधकांच्या उत्पादनासाठी ओळखली जाते. ३० मार्च रोजी शासनाने दिलेल्या माहितीनुसार देशभरातील रुग्णालयांत ३.३४ लाख संच उपलब्ध होते. पात्र ठरलेल्या ११ देशी उत्पादकांना २१ लाख कव्हरऑलची मागणी नोंदवण्यात आली होती, पण ते सर्व मिळून दिवसाला जेमतेम सहा ते सात हजार नग देऊ शकत होते. या गतीने २१ लाखांची मागणी पुरी होण्यास दहा महिने लागले असते. एन-९५ मुखपट्ट्या दोनच देशी उत्पादक बनवत होते व त्यांचे एकत्रित उत्पादन दिवसाला सुमारे ५०,००० होते. परदेशांतूनही मागणी नोंदवण्यात आली, आयुध निर्माणींना काम देण्यात आले आणि देणगीदाखल आलेले संचही स्वीकारण्यात आले. ६ एप्रिल रोजी चीनमधून देणगी म्हणून १.७ लाख कव्हरऑल आले. त्यांतील बराच भाग भारतीय चाचणीत उतरला नाही, असे वृत्त काही दिवसांतच प्रसिद्ध झाले.

नागपूरच्या एका डॉक्टरांच्या याचिकेसह अन्य याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२० रोजी अंतरिम आदेश दिला. कोविड रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका व अन्य कर्मचाऱ्यांना योग्य संरक्षण साधने मिळतील याची शासनाने खातरजमा करावी आणि देशांतर्गत उत्पादन वाढविण्याचे सर्व पर्याय तपासावेत, असे त्यात म्हटले होते. ९ एप्रिल रोजी मुखपट्ट्या, संरक्षण साधने व चाचणी संच यांवरील सीमाशुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत माफ करण्यात आले.

गुणवत्ता चाचणी

या खरेदीतील सर्वांत अरुंद वाट कापडाची किंवा शिवणकामाचीही नव्हती. ती चाचणीची होती. कव्हरऑल दिसायला साध्या पावसाळी अंगरख्यासारखा असला तरी त्यातून रक्त व शारीरिक द्रव आत झिरपता कामा नयेत. आयएसओ १६६०३ या मानकानुसार कापडाच्या एका बाजूस कृत्रिम रक्त ठराविक दाबाने लावून ते दुसऱ्या बाजूस उतरते का हे पाहिले जाते. आरोग्य मंत्रालयाच्या विनिर्देशांत या मानकाचा तिसरा वर्ग वा त्याहून वरचा दर्जा अनिवार्य होता. सुरुवातीस अशी चाचणी कोइम्बतूरच्या दक्षिण भारत वस्त्र संशोधन संघटनेत, म्हणजे 'सिट्रा'मध्ये होत असे आणि देशभरातील उत्पादकांचे नमुने टाळेबंदीच्या काळात तेथे पोहोचवावे लागत.

त्यानंतर दिल्लीतील 'इन्मास' ही संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रयोगशाळा, आवडी, कानपूर, मुरादनगर, ईशापूर व महाराष्ट्रातील अंबरनाथ येथील संरक्षण उत्पादन कारखाने आणि मुंबईची वस्त्र समिती यांना चाचणीची परवानगी मिळाली. उत्तीर्ण नमुन्यास एक विशिष्ट प्रमाणन क्रमांक दिला जाई. हा क्रमांक संचावर छापणे बंधनकारक केल्याने माल घेणाऱ्या रुग्णालयास तो कोणत्या उत्पादकाचा व कोणत्या प्रकारच्या कापडाचा आहे हे पडताळून पाहता येऊ लागले. उत्तीर्ण नमुना एक आणि प्रत्यक्ष पुरवठा दुसराच, हा शासकीय खरेदीतील जुना रोग आहे. क्रमांकाने त्यास काही प्रमाणात आळा बसला, पण उत्पादनाची अधूनमधून अकस्मात तपासणी केल्यावाचून तो पुरता थांबत नाही.

कापड चाचणीत उतरले तरी शिवण राहतेच. सुई जेथे जाते तेथे छिद्र पडते, म्हणून प्रत्येक शिवणीवर उष्ण हवेच्या यंत्राने चिकटपट्टी बसवावी लागते. ही यंत्रे व पट्टी दोन्ही दुर्मीळ होती. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने पाणबुड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सांधभरणीच्या द्रव्यावर आधारित पर्याय तयार करून काही उत्पादकांना दिला. मुंबईतील नौदलाच्या वैद्यकशास्त्र संस्थेने 'नवरक्षक' नावाचा संच विकसित केला; त्याचे कापड हवा खेळती ठेवणारे होते. लेप दिलेल्या कापडाच्या झग्यात उन्हाळ्यात सहा-आठ तास पाणी न पिता काम करणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने हा गुण मानकातील दाबाच्या आकड्याइतकाच मोलाचा होता, तथापि विनिर्देशांत घामाचा विचार बराच उशिरा झाला.

उत्पादनातील वाढ

वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या समन्वयाने बंगळूर, कोइम्बतूर, तिरुप्पूर, लुधियाना, भिवंडी आदी केंद्रांतील तयार कपड्यांचे कारखाने या उत्पादनाकडे वळले. १२ मे २०२० च्या भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशात दररोज २ लाख पीपीई संच आणि २ लाख एन-९५ मुखपट्ट्या तयार होत असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात भारत हा चीनखालोखाल कव्हरऑलचा दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक झाल्याचे शासनाने जाहीर केले. २९ जूनला दरमहा ५० लाख कव्हरऑलच्या निर्यातीस मुभा मिळाली आणि उर्वरित निर्बंधही टप्प्याटप्प्याने उठले. १३ ऑगस्टपर्यंत केंद्राने राज्यांना व केंद्रीय संस्थांना ३.०४ कोटी एन-९५ मुखपट्ट्या आणि १.२८ कोटी पीपीई संच विनामूल्य दिले होते.

वेगाने वाढलेल्या या उद्योगास एकच मोठा ग्राहक होता, तो म्हणजे शासन. मागणी ओसरताच अनेक लहान उत्पादकांकडे माल पडून राहिला. निर्यात लवकर खुली करावी यासाठी उद्योग संघटनांनी धरलेल्या आग्रहामागे हेच कारण होते.

कोणाला काय मिळाले

आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२० रोजी साधनांच्या तारतम्याने वापराबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत जोखमीनुसार वर्ग पाडले होते : अतिदक्षता विभागासारख्या जास्त जोखमीच्या ठिकाणी संपूर्ण संच, मध्यम जोखमीच्या ठिकाणी एन-९५ मुखपट्टी व हातमोजे, आणि सर्वेक्षण करणाऱ्या आशा व अंगणवाडी कार्यकर्त्यांसाठी तिपदरी मुखपट्टी आणि सुरक्षित अंतर. टंचाईत असे वर्गीकरण अपरिहार्य असते. मात्र दाट वस्तीतील दहा बाय दहाच्या खोलीच्या दारात उभे राहून माहिती घेताना एक मीटर अंतर राखणे सूचनेत लिहिण्याइतके सोपे नव्हते. रुग्णालयातील सफाई कामगार आणि रुग्णवाहिका चालक यांपैकी पुष्कळजण कंत्राटी असल्याने त्यांची साधने रुग्णालयाने द्यायची की कंत्राटदाराने, असाही प्रश्न उद्भवला. ऑगस्ट २०२० मध्ये आशा कार्यकर्त्यांनी केलेल्या देशव्यापी संपात मानधनवाढीबरोबर संरक्षण साधनांचीही मागणी होती. मागणीपत्र तयार करताना कर्मचाऱ्यांची संख्या मंजूर पदांवरून मोजली जाते, आणि आशा कार्यकर्त्या या मंजूर पदांवरील कर्मचारी नसून स्वयंसेविका मानल्या जातात.

दर आणि लेखापरीक्षण

टंचाईतील खरेदीचे मूल्यमापन नंतरच्या दरांच्या आधारे करावे काय, हा वाद केरळमध्ये सर्वांत ठळकपणे पुढे आला. जानेवारी २०२५ मध्ये विधानसभेत मांडलेल्या अहवालात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी केरळ वैद्यकीय सेवा महामंडळाच्या खरेदीवर आक्षेप घेतला. ५५० रुपयांच्या आसपासच्या दराचे देकार उपलब्ध असताना काही संच १,५५० रुपयांपर्यंतच्या दराने घेतल्याने १०.२३ कोटी रुपयांचा जादा भार पडला, असे त्यात नमूद आहे. तातडीने पुरवठा करण्याची तयारी असलेल्यांकडूनच त्या दिवसांत माल घेणे भाग होते, अशी बाजू सत्ताधाऱ्यांनी मांडली. स्वस्त देकार देणारा पुरवठादार ठरल्या तारखेस माल देऊ शकला असता काय, हा या वादाचा गाभा आहे, आणि त्याचे उत्तर दरांच्या तक्त्यात सापडत नाही. ते त्या दिवशी फाइलीवर नोंदवलेल्या कारणांत शोधावे लागते.

ब्रिटनमधील अनुभव याहून मोठ्या प्रमाणावरचा आहे. तेथे मंत्री, खासदार व अधिकारी यांनी सुचविलेल्या पुरवठादारांसाठी वेगळी 'अग्रक्रम मार्गिका' ठेवण्यात आली होती. जानेवारी २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. २०२०-२१ मध्ये १२ अब्ज पौंडांहून अधिक रकमेच्या साधनांची खरेदी झाली व त्यांतील सुमारे ८.७ अब्ज पौंडांचे मूल्य निर्लेखित करावे लागले. काही माल सदोष निघाला, काहींची मुदत संपली, आणि सर्वांत मोठा भाग बाजारभाव कोसळल्यामुळे बुडाला.

खुल्या बाजारातील दरांवर भारतात दोन प्रकारे नियंत्रण आणले गेले. १३ मार्च २०२० रोजी मुखपट्ट्यांचा अत्यावश्यक वस्तू अधिनियमात तात्पुरता समावेश झाला. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रकारानुसार एन-९५ मुखपट्टीसाठी १९ ते ४९ रुपये अशी कमाल किंमत ठरवली. त्याच वर्षी २३ जुलै रोजी सामान्य वित्तीय नियमांत दुरुस्ती होऊन भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील निविदाकारांना नोंदणीची अट घालण्यात आली; कोविडसाठी लागणाऱ्या वैद्यकीय वस्तूंना मात्र ३१ डिसेंबर २०२० पर्यंत त्या अटीतून वगळण्यात आले होते.