घरचे यंत्र आणि परक्याचे माप

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम भागाशी मराठी माणसाचा संबंध फार जुना आहे. तेथील काडु मल्लेश्वराच्या देवालयापाशी १६६९ सालचा शिलालेख असून, एकोजीराजे भोसले यांनी देवस्थानास गाव इनाम दिल्याचा त्यात उल्लेख आहे. त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी दुसरे एक मराठी नाव या परिसरात आले. १९४६ साली रवि किर्लोस्कर यांनी स्थापन केलेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचा विजेच्या मोटारींचा कारखाना मल्लेश्वरमच्या पश्चिमेस उभा राहिला. आज त्या जागी उंच इमारती आणि मोठी बाजारपेठ आहे. पण आपणास विचार करावयाचा आहे तो एका प्रश्नाचा, आणि त्यासाठी हा कारखाना सोयीचा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या या उद्योगकुटुंबात किर्लोस्करवाडीला पंप होत, हरिहरला १९४१ पासून लेथ होऊ लागले आणि १९४६ मध्येच पुण्याला ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. म्हणजे पंप, त्यास जोडावयाची मोटार अथवा इंजिन आणि लोखंड कातणारा लेथ, ही सारी एकाच नावाची असू शकत. साहजिकच मनात येते की, ज्याच्या घरी सर्व काही होते, त्याने बाहेरचे काही घ्यावेच का?

घरचे वापरण्यात लाभ उघड आहे. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो हाच, की तुम्ही स्वतः काय वापरता? दुसरा लाभ अधिक मोलाचा. आपल्या मालातील खोड आपल्याच हाताला बोचली म्हणजे ती दुरुस्त करण्याची घाई होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९३ साली बाजारात आणलेली ‘विंडोज एनटी’ ही प्रणाली घडत असताना, ती लिहिणाऱ्यांनाच त्या अर्ध्याकच्च्या प्रणालीवर रोजचे काम करावयास लावले होते. काम अडले की दोष कुणाचा, हे विचारण्यास दूर जावे लागत नसे.

परंतु येथे एक पेच आहे, आणि तो यंत्रशाळेत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही. मल्लेश्वरमहून उत्तरेस जलहळ्ळीला हिंदुस्थान मशीन टूल्स ही संस्था १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाली. यंत्रे घडविणारी यंत्रे करणे हे तिचे काम. आता लेथवर आटे पाडताना हत्यार किती सरकावे, हे त्या लेथमधील एक लांब स्क्रू ठरवितो. त्या स्क्रूच्या आट्यांत केसभर चूक असेल, तर ती नव्या स्क्रूत जशीच्या तशी उतरते. तो नवा स्क्रू दुसऱ्या लेथमध्ये बसविला, की चूक वंशपरंपरेने चालू राहते. आणि गंमत अशी की दोन्ही स्क्रू एकमेकांशी ताडून पाहिले तर तंतोतंत जुळतात! चूक सापडते ती वेगळ्या, स्वतंत्र मापाने पाहिल्यावरच.

सपाट पृष्ठभाग करण्याची रीतही हेच सांगते. लोखंडाच्या दोन पाट्यांना रंग लावून एकमेकींवर घासावे आणि रंग लागेल तेथे खरवडावे, असे करीत गेल्यास त्या बिनचूक जुळतात खऱ्या. पण एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली तरीही त्या जुळतातच. म्हणून तिसरी पाटी घ्यावी लागते. तिन्ही पाट्या एकमेकींशी जुळावयाच्या, तर फुगीरपणास आणि खोलगटपणास थाराच उरत नाही. इंग्रज यंत्रविशारद जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० साली ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढे ही रीत मांडली. कारखानदाराला ही तिसरी पाटी बाहेरून आणावी लागते. मल्लेश्वरमच्या शेजारी, यशवंतपूरच्या बाजूस तुमकूर रस्त्यावर १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय यंत्रहत्यार संस्थेचे मोल मला याच अर्थाने वाटते. यंत्राची परीक्षा तेथे त्याच्या कर्त्याकडून होत नाही.

प्रतिस्पर्ध्याचे यंत्र आपल्या आवारात आणणे कित्येक मालकांना कमीपणाचे वाटते. त्याला पैसा का द्यावा, हा त्यांचा सवाल खोटा नाही. परंतु त्याचे यंत्र शेजारी चालताना पाहिल्यावाचून, आपले यंत्र आवाज फार करते की नाही, हे कळावे कसे? सवयीने कान बधिर होतात.

संगणकाच्या धंद्यात हा पेच आणखी वाढतो, कारण तेथे नुसते माप चुकत नाही, तर संकटकाळी हाकही मारता येत नाही. ॲमेझॉन कंपनी इतर असंख्य कंपन्यांची माहिती आपल्या संगणकांवर सांभाळते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील तिच्या साठवण-सेवेत, एका आज्ञेत झालेल्या चुकीमुळे, ठरल्याहून अधिक संगणक बंद पडले. कोणती सेवा चालू आणि कोणती बंद, हे ग्राहकांना दाखविणारा एक फलक कंपनीने ठेवला होता. पण तो फलक बदलण्याची व्यवस्था त्याच बंद पडलेल्या सेवेवर विसंबून होती. त्यामुळे सुमारे दोन तास फलकावरील एकेका सेवेची स्थिती कंपनीस बदलता येईना. अखेर तिने ग्राहकांना वस्तुस्थिती कळविली ती फलकाच्या माथ्यावरील एका ओळीतून आणि ट्विटर या दुसऱ्याच कंपनीच्या माध्यमातून. पुढे तिने फलकाची व्यवस्था अनेक प्रदेशांतील संगणकांवर विभागली; मात्र ते सारे संगणकही ॲमेझॉनचेच होते.