शरदांतील गृहशोभन आणि वाशीमकडील जुनीं दप्तरें

पाऊस सरून आश्विन लागला म्हणजे वऱ्हाडांतील घरांघरांतून सामान अंगणांत येऊं लागतें. भिंतींचे पोपडे काढून त्यांस पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात देणें, जमीन शेणानें सारवणें, उंबऱ्यापुढें रांगोळी घालणें, दारास आंब्याच्या पानांचें व झेंडूचें तोरण बांधणें, पुढें दिवाळींत पणत्या व आकाशकंदील लावणें, असा हा क्रम घटस्थापनेपासून कार्तिकापर्यंत चालतो. असला घरगुती विषय संशोधकांच्या त्रैमासिकांत कशास, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, ह्या शोभेचा इतिहास कागदांवांचून लिहितां येत नाहीं, आणि ते कागद नाहींसे होण्याची वेळहि नेमकी हीच असते. हा संबंध स्पष्ट करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. वत्सगुल्म आणि शरद

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथें इ. स. १९३९ मध्यें सांपडलेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट त्याच्या ३७ व्या राज्यवर्षांतील असून त्याची मिति हेमंताच्या पहिल्या पक्षाची आहे. ही कालगणनेची जुनी रीति होय. तींत वर्षाचे ग्रीष्म, वर्षा व हेमंत असे तीनच भाग असत. शरदास स्वतंत्र स्थान नव्हतें. कवींच्या षड्ऋतूंत मात्र शरदाचा मान मोठा. विंध्यशक्तीचा पिता सर्वसेन ह्यानें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य रचिलें. सत्यभामेसाठीं श्रीकृष्णानें पारिजात वृक्ष आणिला, ही त्याची कथा. तें आज समग्र उपलब्ध नाहीं. आनंदवर्धन, भोज इत्यादिकांच्या ग्रंथांतील उल्लेखांवरून व उताऱ्यांवरूनच त्याची ओळख पटते. उलट वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेंतील प्रवरसेनाचा ‘सेतुबंध’ पूर्णपणें हातीं आला असून त्याच्या आरंभींच शरदाचें वर्णन आहे. एका घराण्याचीं दोन काव्यें. पैकीं एक वांचलें, दुसऱ्याचे तुकडे राहिले. आनंदवर्धनासारख्या परीक्षकानें ‘हरिविजया’ची दखल घेतली, तेव्हां तें हीन म्हणून लोपलें असें म्हणतां येत नाहीं. त्याच्या प्रती राहिल्या नाहींत, इतकेंच.

२. शोभेचीं अंगें व त्यांचें वय

रांगोळी हें ह्या शोभेचें सर्वांत जुनें अंग दिसतें. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रां’त, जेथें वत्सगुल्माच्या लोकांचाहि निर्देश आहे, चौसष्ट कलांमध्यें ‘तण्डुलकुसुमबलिविकार’ म्हणजे तांदूळ व फुलें ह्यांची रचना ही एक कला गणिली आहे. आणि ‘कौमुदीजागर’ ह्या नांवानें आपल्या कोजागरीचाहि उल्लेख आहे. चालुक्य राजा तृतीय सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लासा’त (सुमारें इ. स. ११३०) रांगोळीस धूलिचित्र म्हटलें आहे, श्रीकुमाराच्या ‘शिल्परत्ना’त तिला क्षणिकचित्र असेंहि नांव आहे. जुन्या मराठींत ‘रंगमाळिका’ हा शब्द येतो. बलिप्रतिपदेस पंचरंगी चूर्णांनीं घरांत बलिराजाची आकृति काढावी, असें भविष्योत्तर पुराणाचें विधान असून यादवांचा मंत्री हेमाद्रि ह्यानें तेराव्या शतकांत तें आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडांत घेतलें आहे.

तोरणाची गोष्ट निराळी आहे. आंब्याचीं पानें येथलीं. परंतु झेंडू मूळचा अमेरिकेंतील असल्यामुळें इ. स. १४९२ पूर्वीं तो ह्या देशांत असणें शक्य नाहीं. म्हणजे आज ज्याच्यावांचून दसरा सुना वाटतो, तें फूल सर्वसेनानेंहि पाहिलें नाहीं आणि हेमाद्रीनेंहि नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ह्यापासून एक कसोटी मिळते. एखादी पोथी यादवकालीन म्हणून पुढें आली आणि तींत झेंडूच्या माळेचें वर्णन असलें, तर तेवढा भाग तरी मागाहून घातलेला समजावा.

आकाशकंदिलाविषयींहि अशीच सावधगिरी पाहिजे. कार्तिकांत उंच खांबावर आकाशदीप लावण्याचें विधान कमलाकरभट्टाच्या ‘निर्णयसिंधूं’त (इ. स. १६१२) व काशीनाथ उपाध्यायाच्या ‘धर्मसिंधूं’त (इ. स. १७९०) आहे. परंतु जुन्या लेखांत ‘आकाशदीप’ शब्द दिसतांच बांबूच्या कामट्यांचा कागदी कंदील डोळ्यांपुढें आणणें बरोबर नव्हे.

ह्या सर्व वस्तु नाशवंत आहेत. वाशीमच्या बालाजी मंदिराचें बांधकाम शके १६९८ त आरंभून शके १७०० त पुरें झालें, हें तेथील खांबावरील मोडी लेख सांगतो. पण त्याच काळीं गांवांतील घरांच्या भिंतींवर काय रेखाटलें जाई, हें कोणती भिंत सांगणार? ती दरसाल सारवली जाते. नवी शोभा जुनीस पुसूनच येते. साक्ष द्यावयास उरतात ते केवळ कागद: देवघरांतील व्रतांच्या पोथ्या आणि घरांतील जमाखर्चाच्या वह्या. चुना, गेरू, तेल, वाती, फुलें ह्यांवरील खर्च एखाद्या वहींत मितीवार लिहिलेला सांपडला, तर त्या एका पानावरून घराच्या शोभेविषयीं जें समजेल, तें कोणत्याहि काव्यावरून समजणार नाहीं.

३. साफसफाईंतील धोका

परंतु हेच कागद आश्विनांतील झाडलोटींत प्रथम बाहेर पडतात. पेढीवर दिवाळींत नव्या वहीचें पूजन होतें आणि जुनी माळ्यावर जाते. घरांत मोडी वाचणारा कोणी उरला नाहीं म्हणजे रुमालांत बांधलेलें दप्तर ही अडगळ ठरते. मग तें रद्दींत विकलें जातें. पोथी असली तर पाप नको म्हणून नदींत सोडतात. भक्ति आणि अनास्था ह्या दोन्ही वाटा येथें एकाच ठिकाणीं पोंचतात.

ह्याच्या उलट उदाहरण ह्याच जिल्ह्यांत आहे. कारंजा (लाड) येथील जैन मंदिरांतील ग्रंथभांडारें पिढ्यान्‌पिढ्या जपलीं गेलीं, रायबहादूर हिरालाल ह्यांच्या मध्यप्रांत-वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीनें (इ. स. १९२६) तीं विद्वानांच्या नजरेस आलीं. पुष्पदंताचीं ‘जसहरचरिउ’ (इ. स. १९३१) व ‘णायकुमारचरिउ’ (इ. स. १९३३) हीं अपभ्रंश काव्यें त्यानंतर कारंजाच्याच ग्रंथमालेंतून प्रसिद्ध झालीं. जैनांत ग्रंथपूजेसाठीं तिथि नेमलेली आहे: दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे पावसाच्या तोंडावर, श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे पाऊस सरल्यावर. त्या दिवशीं ग्रंथ काढून, झाडून, नव्या वेष्टनांत बांधण्याची चाल आहे. इतर घरांतहि आश्विनांत मूळ नक्षत्रावर पुस्तकांच्या ठिकाणीं सरस्वतीचें आवाहन करून श्रवणावर विसर्जन करतात. तेव्हां पोथ्या एकवार पाहण्याचा मुहूर्त परंपरेनेंच घालून दिलेला आहे. त्याचा उपयोग मात्र करून घेतला पाहिजे.

४. संग्राहकांनीं काय करावें

झाडलोट सुरू होण्यापूर्वीं, म्हणजे भाद्रपदांतच, ओळखीच्या घरीं शब्द टाकून ठेवावा. दप्तर सोडतांना रुमालांतील कागदांचा क्रम मोडूं नये, कारण कोणता कागद कोणाशेजारीं होता हाहि पुरावाच आहे. कागद उन्हांत पसरूं नयेत. सावलींत वाऱ्यावर ठेवावे. काजळाची शाई पाण्यानें पसरते, म्हणून ओलें फडकें लावूं नये. पूजेच्या वेळीं हळदकुंकू पोथीवर न वाहतां पुढें ठेवलेल्या ताम्हणांत वाहावें. नुकताच चुना दिलेल्या कोनाड्यांत तो पुरता वाळेपर्यंत बस्ता ठेवूं नये. मालकाची संमति नसेल तर कागद हलवूं नयेत. जागच्या जागीं छायाचित्र व यादी करून घ्यावी.

यादींत गांवाचें नांव जुन्या व नव्या दोन्ही रूपांत द्यावें. वाशीम हा पूर्वीं स्वतंत्र जिल्हा होता, इ. स. १९०५ त तो अकोल्यांत विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां निराळा झाला. त्यामुळें एकाच गांवचे कागद दोन जिल्ह्यांच्या नांवाखालीं विखुरलेले असतात.

आणि यादी करतांना शास्त्रग्रंथांपुरतेंच थांबूं नये. तिथीच्या खर्चाचा चिठोरा, तोरणाच्या फुलांचा हिशेब, रांगोळीचे ठिपके मांडलेलें वहीचें मागचें पान, ह्यांचीहि नोंद करावी. ग्रंथाची दुसरी प्रत कोठें तरी मिळण्याची आशा असते. अशा पानाची दुसरी प्रत कोणी कधीं केलेलीच नसते.