कुरणांवरचे तह

दुष्काळ पडला की माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, हे आपण इतक्यांदा ऐकलेले असते की त्याला पुरावा मागावासा वाटत नाही. २००९ साली मार्शल बर्क आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतले वाढते तापमान व यादवी युद्धे यांचा संबंध आकडेवारीने मांडला. पुढच्याच वर्षी हाल्वार्ड बुहाउग यांनी वेगळे निकष लावून तो खोडून काढला. वाद एवढ्यावरच राहिला असता, पण उत्तर केनियाच्या कोरड्या पट्ट्यात तो जमिनीवर तपासता येतो. मार्साबित भागातल्या हिंसेच्या नोंदी चाळणाऱ्या वारिओ अदानो आणि कारेन विट्सेनबर्ग यांना टोळ्यांचे हल्ले दुष्काळापेक्षा बऱ्या पावसाच्या काळात जास्त आढळले. विचार केला तर यात नवल नाही. गवत माजले की लपायला आडोसा मिळतो आणि पळवलेली जनावरे लांबवर हाकता येतात. दुष्काळात मात्र पाणी असलेली विहीर शेजारच्या जमातीच्या हद्दीत असते. तिथे बंदूक घेऊन जाण्यापेक्षा शब्द टाकणे शहाणपणाचे. म्हणजे भांडण पाऊस ठरवत नाही. शब्द टाकायला कोणी उरले आहे की नाही, यावर ते ठरते.

ईशान्य केनियातल्या वाजिरमध्ये १९९२ च्या सुमारास तसे कोणी उरले नव्हते. दुष्काळाने कळप संपले होते, शेजारच्या सोमालियातले सरकार १९९१ मध्ये कोसळल्यामुळे बंदुका सहज मिळत होत्या आणि त्यात निवडणूक आली. अजुरान, देगोदिया, ओगादेन या सोमाली कुळांमधले वैर थेट बाजारात उतरले. एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईला काही विकेना, तिच्याकडून काही घेईना. देखा इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या सोबतिणींनी १९९३ मध्ये सुरुवात केली ती या बाजारापासून. कोणत्याही बाईने बाजारात यावे, कुळ न विचारता विक्री व्हावी आणि कोणी अडवले तर लक्ष ठेवणाऱ्या बायकांकडे तक्रार करावी, एवढीच ती व्यवस्था. मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. मध्यस्थीसाठी पुढे केले ते छोट्या कुळातल्या वडिलांना, कारण बड्या कुळांना त्यांच्यापासून धोका वाटण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी कुळांच्या वडिलांमध्ये शांततेचा अल-फतह जाहीरनामा झाला, आणि १९९५ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांना सोबत घेऊन वाजिर शांतता व विकास समिती उभी राहिली. २००७ च्या निवडणुकीनंतर केनिया पेटला, तेव्हा देशभर नेण्यासाठी हाच नमुना हाती होता.

माझे म्हणणे असे, की अशी समिती हीच या मुलखातली हवामानाशी जुळवून घेण्याची पहिली यंत्रणा आहे. इथला पाऊस तुटक. एका खोऱ्यात पडतो, शेजारच्या खोऱ्यात नाही. तगण्याचा जुना उपाय म्हणजे कळप हलवणे, आणि कळप हलवायचा तर दुसऱ्याची संमती लागते. उत्तर केनियातल्या जमातींमधल्या २००१ च्या मोडोगाशे करारात नेमके हेच कलमबद्ध झाले: स्थलांतरापूर्वी तिथल्या वडिलांची परवानगी घ्यायची आणि सोबत बेकायदा शस्त्र न्यायचे नाही. २०२० ते २०२२ मध्ये लागोपाठ पाच पावसाळे हुकले. मानवनिर्मित तापमानवाढीमुळे अशा दुष्काळाची शक्यता किमान शंभर पटींनी वाढल्याचे वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशनच्या शास्त्रज्ञांनी सांगितले; एकट्या केनियात पंचवीस लाखांवर जनावरे मेली. उपग्रहावरून हिरवळ मोजून पैसे देणारा पशुविमा मार्साबितमध्ये २०१० पासून आहे, आणि तो उपयोगीही आहे. पण विम्याच्या पैशांतून चारा विकत घेता येतो. शेजाऱ्याच्या कुरणात शिरण्याची मुभा विकत घेता येत नाही.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप पीडितांच्या बाजूचा आहे. मोडोगाशे करारात ठरलेल्या भरपाईत मारल्या गेलेल्या पुरुषासाठी शंभर जनावरे, बाईसाठी पन्नास. ज्या बायकांनी हा गाडा सुरू केला, त्यांच्याच जिवाची किंमत निम्मी. शिवाय भरपाई कुळ देते, खुनी मोकळा राहतो. आक्षेप खरा आहे आणि त्यावर सारवासारव नको. तरी पर्याय काय होता तेही पाहावे. फेब्रुवारी १९८४ मध्ये सुरक्षा दलांनी देगोदिया पुरुषांना वाजिरजवळच्या वागाला धावपट्टीवर दिवसचे दिवस पाण्यावाचून डांबले, अनेकांना ठार केले. सरकारी आकडा कित्येक वर्षे ५७ मृतांचा होता. वाचलेल्यांनी सांगितलेला त्याच्या कितीतरी पट. सत्यशोधन आयोगाचा अहवाल यायला २०१३ उजाडले. ज्या राज्यसंस्थेच्या न्यायाची वाट पाहा म्हणायचे, ती अशी. कुळाकुळांत जनावरे तरी वसूल झाली. सरकारकडून वसूल करणारी समिती कोणती?

दुसरा आक्षेप असा, की एवढे होऊनही शांतता टिकली नाही. २००५ मध्ये मार्साबितच्या तुर्बी गावात कत्तल झाली. २०१४ मध्ये गारे आणि देगोदिया ही कुळे पुन्हा लढली. पण २०१४ चा वाद निव्वळ गवताचा नव्हता. नव्या राज्यघटनेनुसार २०१३ पासून काउंटी सरकारे आली, त्यांच्या हातात पैसा आला, आणि सीमारेषा व जागा कोणाच्या याला मोल चढले. कुरण एका हंगामापुरते मागता येते आणि परतही करता येते. मतदारसंघ तसा उसना देता येत नाही. वडिलांचा तह तात्पुरत्या गरजेवर उत्तम चालतो, कायमच्या मालकीवर लंगडतो. त्यात देणगीदारांच्या पैशाने बैठकभत्त्यांची सवय लावली, आणि काही समित्या भत्त्यापुरत्याच भरू लागल्या अशी टीका झाली, तीही निराधार नाही.

म्हणून पैसा नको असे नव्हे; तो कशाला द्यायचा हे ठरवावे लागेल. हवामानामुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा निधी २०२२ मध्ये शर्म-अल-शेखला मान्य झाला, २०२३ मध्ये दुबईत त्यासाठी सुमारे सत्तर कोटी डॉलरची आश्वासने मिळाली. त्या निधीतून मेलेल्या जनावरांचा हिशेब होईल तेव्हा होवो. पाऊस हुकल्याची पहिली बातमी येताच दोन्ही बाजूंच्या वडिलांना आणि बाजारातल्या बायकांना एका विहिरीपाशी आणायला लागते ती गाडी, डिझेल आणि फोनचा खर्च. आणि तो कळप हलण्याआधी हाती यावा लागतो.